गेलेले माणूस परत येते, अशी कादंबरी कशी लिहावी

मरण पावलेले आपले माणूस एके दिवशी जिवंत होऊन दारात उभे राहते, ही कल्पना सुचायला फार वेळ लागत नाही, आणि तिचे पहिले प्रकरणही बहुधा भराभर लिहून होते. अडचण त्यानंतर सुरू होते. दार उघडून झाले, मिठी मारून झाली, रडून झाले, आणि पुढे काय घडावे याचा विचारच झालेला नसल्यामुळे अनेक नवोदितांचे हस्तलिखित तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात थांबते. त्या पुढच्या भागाची तयारी क्रमाने कशी करावी, हे येथे सांगायचे आहे. माणूस नसताना त्याच्या जागी घरात जे काही भरले गेले, त्यातच अशा कादंबरीचे खरे द्रव्य असते असे माझे ठाम मत आहे, आणि खालच्या बहुतेक पायऱ्या त्या भरलेल्या जागेभोवतीच फिरतात.

पायरी १ : मधल्या वर्षांचा हिशेब मांडावा

कथानक रचण्याआधी एक माणूस, एक मृत्यू आणि मृत्यूपासून परतण्यापर्यंतचा काळ निश्चित करावा. सोयीसाठी एक उदाहरण घेऊ आणि तेच पुढे वापरू. १९ वर्षांची मुलगी नदीत बुडून मरण पावते. तेव्हा तिचा धाकटा भाऊ १५ वर्षांचा असतो. १७ वर्षांनी ती परत येते, ती १९ वर्षांचीच. भाऊ आता ३२ वर्षांचा आहे, त्याला ९ वर्षांची मुलगी आहे आणि तो त्या मुलीला पाण्याजवळ फिरकू देत नाही. एवढ्या चार वाक्यांतच कितीतरी सामग्री आहे: ताई आता धाकट्या भावापेक्षा १३ वर्षांनी लहान आहे, आणि भाचीला आत्या म्हणून जी दाखवली जात आहे ती तिच्या डोळ्यांना फार तर मोठी मैत्रीण वाटेल.

आता एक वही घ्यावी आणि या १७ वर्षांची वर्षवार नोंद करावी. तिची खोली कोणाला मिळाली, तिचे कपडे कोणी वापरले आणि कोणी वापरू दिले नाहीत, कोणाचे शिक्षण अर्धवट राहिले, आईला एकटे सोडायचे नाही म्हणून भावाने कोणती नोकरी नाकारली, तिच्या मैत्रिणींनी घरी येणे कधी बंद केले, हे सारे लिहून काढावे. यातले नव्वद टक्के कादंबरीत येणार नाही आणि येऊही नये. परंतु परतलेली मुलगी स्वयंपाकघरात शिरून एखादा डबा नेहमीच्या जागी शोधते आणि तो तिथे नसतो, असा प्रसंग लिहिताना ही वहीच कामाला येते.

या हिशेबात दोन नोंदी विशेष काळजीने कराव्यात. पहिली नोंद मधल्या काळात मरण पावलेल्यांची. समजा, वडील ५ वर्षांपूर्वी वारले आणि ते परत आलेले नाहीत. घरच्यांचे त्यांच्यासाठीचे रडणे केव्हाच सरले आहे; मुलीच्या लेखी मात्र वडील काल सकाळपर्यंत हयात होते. जिच्यासाठी सर्वांनी शोक केला, तिलाच आता शोक करायचा आहे आणि तो करू लागणारी ती घरात एकटी आहे. नवोदित लेखक ही शक्यता सहसा पाहतच नाहीत, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत समृद्ध प्रसंग इथेच दडलेला असतो.

दुसरी नोंद मृत्यूच्या हकिकतीची. गेलेल्या माणसाविषयी घरात एक हकिकत हळूहळू पक्की होत जाते, तिचे कोपरे घासले जातात, आणि काही वर्षांनी तीच खरी मानली जाते. पाय घसरून पडली, असे सगळे सांगतात. प्रत्यक्षात ती आईशी भांडून घराबाहेर पडली होती आणि भावाला ते ठाऊक होते. ती परत येते तेव्हा आपल्याच मृत्यूची साक्षीदार घरात येऊन बसते. ही हकिकत कोणी, कशासाठी बदलली याचे उत्तर लेखकाकडे पहिल्या ओळीआधी असले पाहिजे.

पायरी २ : परतण्याचे नियम ठरवावेत

सर्वप्रथम, किती जण परत येतात ते ठरवावे. एकटीच परतली तर ती घराची गोष्ट होते. एका वस्तीतले दहा-बारा जण परतले तर ती समाजाची गोष्ट होते. सगळेच परतले तर गोष्ट अन्न, निवारा आणि राज्यकारभाराची होऊन बसते. जगात दरवर्षी सुमारे ६ कोटी माणसे मरतात. केवळ मागच्या १० वर्षांतले मृत परत येतात असे लिहिले, तरी सुमारे ६० कोटी माणसांची सोय कादंबरीत लावावी लागेल, किंवा ती का लावली नाही हे वाचकाला पटवावे लागेल. पहिल्या कादंबरीसाठी एक घर पुरे.

त्यानंतर शरीर. शरीर तेच आहे की नवे? तेच असेल आणि मृत्यूला काही तासच झाले असतील, तर शरीरशास्त्र डावलून चालणार नाही: मरणोत्तर ताठरता पहिल्या काही तासांत सुरू होते, साधारण १२ तासांत सर्वांगभर पसरते आणि पुढच्या एक-दोन दिवसांत ओसरते, हवामानानुसार ही वेळ मागेपुढे होते. दहन झाले असेल किंवा वर्षे लोटली असतील, तर शरीर नवेच मानावे लागेल, आणि मग जुना व्रण त्यावर आहे की नाही हा प्रश्न लगेच येतो. भूक, झोप, वय वाढणे, आजार आणि दुसऱ्यांदा मरण या प्रत्येकाविषयी एकेक वाक्य लिहून ठेवावे. शेवटची आठवण कोणत्या क्षणाची, हेही ठरवावे. बुडतानाची की त्याआधीच्या रात्रीची, यावर पात्राचा सारा स्वभाव बदलतो.

मुदत आणि किंमत या दोन नियमांचे महत्त्व जुन्या कथाकारांनी चांगले ओळखले होते. महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात व्यासांच्या तपोबलाने युद्धात पडलेले वीर गंगेच्या पाण्यातून वर येतात, आप्तांना एक रात्र भेटतात आणि परत जातात. त्या रात्री कोणाच्याही मनात वैर किंवा मत्सर उरलेला नसतो. एका रात्रीपुरते हे शोभते, पण कादंबरीला तीनशे पाने निर्वैर राहणे परवडत नाही, म्हणून परतणाऱ्यांनी आपले हेवेदावे सोबत आणलेलेच बरे. आदिपर्वातील रुरू सर्पदंशाने मेलेल्या प्रमद्वरेला आपले अर्धे आयुष्य देऊन उठवतो. हा सौदा आकड्यांत मांडता येण्याजोगा आहे, आणि म्हणूनच त्यातून कथा उभी राहते. किंमत ठेवायची असल्यास ती अशीच मोजता येईल अशी ठेवावी. ‘काहीतरी हरपले’ अशी धूसर किंमत वाचकाला जाणवत नाही.

एकदा लिहिलेला नियम कथेच्या सोयीसाठी मोडू नये.

पायरी ३ : कारण सांगायचे की नाही, याचा निर्णय घ्यावा

परतण्याचे कारण सांगणे हे लेखकाचे कर्तव्य आहे, असा नवोदितांचा समज असतो, आणि मग प्रयोगशाळा, ग्रहयोग किंवा एखादा गूढ विषाणू यांवर पन्नास पाने खर्ची पडतात. मेरी शेलीच्या १८१८ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये निर्माता आपली कृती सांगण्यास साफ नकार देतो, आणि त्या नकारामुळे कादंबरीचे काहीही बिघडलेले नाही. समीक्षक त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० साली अद्भुत साहित्याची मांडणी करताना वाचकाच्या दोलायमान स्थितीवर भर दिला: घडले ते नैसर्गिक की अलौकिक, हे ठरत नाही तोवरच तो विशिष्ट परिणाम टिकतो. यावरून व्यवहारात एवढेच घ्यावे की लेखकाने कारण सांगू नये, मात्र पात्रांना ते शोधू द्यावे. आईला ते आपल्या प्रार्थनेचे फळ वाटेल, भावाला फसवणूक वाटेल, शेजाऱ्याला अपशकुन वाटेल. प्रत्येकाचे स्पष्टीकरण त्याच्याविषयीच अधिक सांगून जाते. भावाच्या नऊ वर्षांच्या मुलीला मात्र कारणाची गरज भासणार नाही.

पायरी ४ : ओळख पटण्याचा प्रसंग घाईने उरकू नये

बहुतेक हस्तलिखितांत ओळख एका परिच्छेदात पटते. एवढी जलद ओळख पटवणे म्हणजे हातातला खजिना टाकून देणे होय. ओळख ही क्रमाने पटते, प्रत्येकाला वेगळ्या वेळी पटते आणि काहींना कधीच पटत नाही.

या पायरीसाठी काल्पनिक साहित्याऐवजी एक खरा खटला अभ्यासावा. बंगालमधील भवाल जमीनदारीचे दुसरे कुमार रमेंद्रनारायण राय १९०९ साली दार्जिलिंगला मरण पावल्याचे जाहीर झाले. त्यानंतर साधारण बारा वर्षांनी ढाक्यात दिसलेला एक संन्यासी तेच कुमार आहेत, असे अनेकांनी मानले. बहीण ज्योतिर्मयी यांनी त्यांना भाऊ म्हणून स्वीकारले, तर पत्नी विभावती यांनी अखेरपर्यंत पती मानले नाही. १९३० साली दावा दाखल झाला, अंगावरील खुणांची बारकाईने तुलना झाली, १९३६ साली न्यायाधीश पन्नालाल बसू यांनी संन्याशाच्या बाजूने निकाल दिला, अपिलेही त्याच बाजूने गेली, आणि १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल कायम केल्यावर काही दिवसांतच कुमार वारले. कादंबरीकाराने यातून घ्यायचे ते हे की एकाच चेहऱ्याकडे पाहून बहीण आणि पत्नी विरुद्ध निष्कर्षाला आल्या, आणि दोघींच्या मागे प्रेम, मालमत्ता, प्रतिष्ठा व दीर्घ सवय यांचा गुंता होता. आपल्या प्रत्येक पात्रासमोर एक प्रश्न लिहावा: ही तीच ठरली तर याचा फायदा काय आणि तोटा काय?

उलट दिशेने जाणारा पुरावा वैद्यकशास्त्रात सापडतो. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ जोझेफ काप्ग्रा यांनी सहकाऱ्यासह १९२३ साली वर्णिलेल्या एका भ्रमात रुग्णाला जवळचे माणूस हुबेहूब दिसते, तरीही ते तोतया असल्याची त्याची खात्री असते. यामागे चेहरा ओळखला जातो पण त्यासोबत यायला हवी ती आपुलकीची लहर उमटत नाही, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. भावाच्या बाबतीत नेमके हेच वापरता येईल. खुणा जुळतात, आवाज जुळतो, लहानपणच्या गुपितांची उत्तरे बरोबर येतात, आणि तरीही त्याच्या आत काहीच हलत नाही. मग काही आठवड्यांनी ती जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत उतरते आणि तेवढ्याने त्याला रडू कोसळते. गुपितांच्या प्रश्नोत्तरांपेक्षा अशी अनवधानाने झालेली हालचाल कितीतरी प्रभावी ठरते. अंगावरचा तीळ दाखवून ओळख पटवण्याची युक्ती मात्र इतकी वापरून झाली आहे की ती आता टाळावी.

पायरी ५ : परतलेल्या माणसाला स्वतःची इच्छा द्यावी

अकराव्या शतकात सोमदेवाने कथासरित्सागरात गुंफलेल्या वेताळकथांपैकी एक मंदारवतीची आहे. ती मरते तेव्हा तिच्या तीन इच्छुकांपैकी एक तिच्या राखेवर निजतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा फिरत फिरत मंत्र मिळवून येतो आणि तिला जिवंत करतो. मग ती कोणाची, हा वेताळाचा प्रश्न. राजा उत्तर देतो की जिवंत करणारा पित्यासमान, अस्थी नेणारा पुत्रासमान, आणि राखेला बिलगून राहिलेला तोच पती. उत्तर चतुर आहे, पण या सगळ्यात मंदारवतीला कोणी काही विचारत नाही. आधुनिक कादंबरीची सुरुवात नेमकी त्या न विचारलेल्या प्रश्नापासून करता येते.

परतलेल्या मुलीला काय हवे आहे? घरच्यांना हवी ती सतरा वर्षांपूर्वीची मुलगी होऊन राहणे तिला शक्य आहे का, आणि तशी इच्छा तरी आहे का? तिला कदाचित अर्धवट राहिलेली परीक्षा द्यायची असेल, किंवा ज्याच्यावरून आईशी भांडण झाले त्या मुलाला भेटायचे असेल; तो आता ३६ वर्षांचा, डोक्यावरचे केस विरळ झालेला संसारी गृहस्थ आहे. ती कृतज्ञ असलीच पाहिजे, ही अपेक्षा घरच्यांची असावी. लेखकाने ती बाळगू नये. तिला चिडू द्यावे. आपल्या फोटोला हार घातलेला पाहून तिने तो उतरवून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी आईने सवयीने पुन्हा घालावा, अशा लहान प्रसंगांतून दोघींचा संघर्ष भाषणांशिवाय पुढे सरकतो.

पलीकडे काय होते, हा प्रश्न वाचकाच्या मनात पहिल्या पानापासून असतो. त्याचे सविस्तर उत्तर देण्याचा मोह आवरावा. योहानाच्या शुभवर्तमानात चार दिवस थडग्यात असलेला लाजर बाहेर येतो, पण त्याच्या तोंडी एकही शब्द नाही. युरिपिडीसच्या इसवी सनपूर्व ४३८ मधील नाटकात मृत्यूकडून परत आणलेली अल्सेस्टिस शेवटपर्यंत बोलत नाही, कारण तिसऱ्या दिवसापर्यंत तिचा आवाज तिच्या पतीला ऐकू येणे वर्ज्य आहे. वनपर्वातला सत्यवान जागा होतो आणि आपण फार वेळ झोपलो होतो असे म्हणतो. तीन वेगळ्या परंपरांनी तीच जागा रिकामी ठेवली आहे, याची दखल घ्यावी. आपल्या मुलीलाही काही आठवत नसेल किंवा ती सांगत नसेल. या दोहोंपैकी कोणते खरे, हे लेखकाला माहीत असावे आणि घरच्यांना नसावे.

पायरी ६ : कागदपत्रांकडे एकदा तरी पाहावे

यावर फार पाने घालवू नयेत, पण एक प्रकरण जरूर द्यावे. मृत्यूची नोंद झालेली असते, वारसांच्या नावे मालमत्ता चढलेली असते, विम्याची रक्कम मिळून खर्च झालेली असते, आणि मृत पती किंवा पत्नी असल्यास दुसरा विवाहही झालेला असू शकतो. अनेक देशांच्या कायद्यांत सात वर्षे ठावठिकाणा न लागलेल्या व्यक्तीला मृत मानता येते, आणि ती व्यक्ती परतल्यास काय करायचे याचाही थोडाफार विचार झालेला असतो. ज्याचा देह सर्वांनी पाहिला त्याच्या परतण्याचा विचार मात्र कोणत्याही कायद्याने केलेला नाही. खिडकीपलीकडच्या कारकुनाने शांतपणे मृत्यूचा दाखला पुढे सरकवावा आणि अर्ज कोणत्या रकान्यात बसवायचा असे विचारावे. अशा प्रसंगात विनोद आपोआप येतो, आणि या विषयाला विनोदाची नितांत गरज असते.

पायरी ७ : शोकाविषयीची ठरावीक समजूत तपासून घ्यावी

नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार या पाच अवस्थांवर पाच प्रकरणे बेतण्याची कल्पना अनेकांना सुचते. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या, त्या मुळात मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संभाषणांवरून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या, आणि प्रत्यक्षात शोक असा रांगेत चालत नाही. या कादंबरीला अधिक उपयोगी पडतील अशा दोन कल्पना आहेत. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी १९९६ साली असे मांडले की शोक करणारी माणसे मृताशी नाते तोडत नाहीत, त्याला नवे रूप देऊन ते चालू ठेवतात. म्हणजे आईने या १७ वर्षांत मुलीशी मनोमन बोलणे चालूच ठेवले आहे, आणि त्या बोलण्यातली मुलगी समजूतदार, क्षमाशील झालेली आहे. दारात आलेली मुलगी तशी नाही. आईला आता दोन मुली आहेत आणि त्यांचे आपसांत पटत नाही. दुसरी कल्पना पॉलिन बॉस यांची, संदिग्ध वियोगाची: माणूस गेले की आहे हेच ठरत नाही तेव्हा शोक सुरूही होत नाही आणि संपतही नाही. परतलेले माणूस किती दिवस राहणार हे ठाऊक नसेल, तर सारे घर याच स्थितीत जगते.

पायरी ८ : सुरुवात लवकर करावी, शेवट आधी ठरवावा

परतण्याचा प्रसंग पहिल्या दहाव्या भागातच यावा. मृत्यूचे सविस्तर वर्णन, अंत्यविधी आणि वर्षानुवर्षांचे दुःख आधी लिहून मग दार वाजवणारी हस्तलिखिते वाचकाला नव्वद पाने ताटकळत ठेवतात, कारण पुस्तकाचा विषय त्याला मलपृष्ठावरूनच कळलेला असतो. मागचे सारे नंतर, परतलेल्या व्यक्तीच्या प्रश्नांमधून काढून द्यावे.

शेवटाचे पर्याय मोजकेच आहेत. परतलेले माणूस पुन्हा जाते, ते राहते, किंवा जिवंत माणसांपैकी कोणीतरी घर सोडते. पहिला पर्याय सर्वांत सोपा आहे आणि म्हणूनच सर्वाधिक वापरला जातो. तो निवडल्यास दुसरा वियोग पहिल्यासारखाच नसावा, पहिल्या वेळी जे करता आले नाही ते या वेळी कोणीतरी केलेले किंवा पुन्हा टाळलेले असावे. ती राहते, हा शेवट लिहायला कठीण आहे, पण त्यात लेखकाचा कस लागतो: आता तिला म्हातारे व्हायचे आहे की नाही, हा प्रश्न तेव्हा सोडून देता येत नाही. तिसरा पर्याय मला सर्वांत आश्वासक वाटतो आणि तो क्वचितच वापरलेला दिसतो. बत्तीस वर्षांचा भाऊ, ज्याने ताई नसल्यामुळे घर सोडले नाही, तो ताई असल्यामुळे घर सोडू शकतो.

पायरी ९ : पहिला खर्डा आणि त्याची तपासणी

दाराचा प्रसंग सर्वांत शेवटी लिहावा. तो मनात इतका घोळलेला असतो की आधी लिहिल्यास त्याची भाषा गरजेपेक्षा भरजरी होते आणि पुढची प्रकरणे तिच्याशी जुळवून घेण्यात थकतात. आधी परतल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यातला एखादा कंटाळवाणा दिवस लिहून पाहावा: कोण किती वाजता उठते, न्हाणीघरापुढे कोण थांबून राहते, जेवताना कोणती जागा कोणाची. तो दिवस वाचनीय झाला, तर कादंबरी तग धरेल असे खुशाल समजावे.

खर्डा पूर्ण झाल्यावर वयांचा आणि सालांचा तक्ता करून प्रत्येक प्रकरण त्याच्याशी ताडून पाहावे. या प्रकारच्या कादंबरीत सर्वाधिक चुका इथेच सापडतात, कारण एका पात्राचे घड्याळ बंद पडलेले असते आणि बाकीच्यांचे चालू असते. त्यानंतर पायरी २ मधले नियम समोर ठेवून दुसरे वाचन करावे. तिसऱ्या वाचनात परतलेल्या व्यक्तीचे केवळ संवाद सलग वाचावेत. त्यात प्रश्नच प्रश्न असतील किंवा केवळ सांत्वन असेल, तर पायरी ५ कच्ची राहिली आहे असे समजावे.

कादंबरी आपल्याच घरातल्या मृत्यूवर बेतलेली असेल, तर त्या मृत्यूचे दुःख ज्यांच्या वाट्याला आले त्यांना ती छापण्यापूर्वी सांगावी, आणि ओळखू येणारे तपशील बदलण्यास तयार असावे. पहिला वाचक मात्र घरातला नसावा. ज्याने जवळचे माणूस गमावले आहे आणि ज्याला त्याविषयी बोलण्याचा संकोच वाटत नाही अशा परिचिताला, विषयाची पूर्ण कल्पना देऊन आणि मध्येच थांबण्याची मोकळीक देऊन, हस्तलिखित वाचायला द्यावे, आणि तो कोणत्या पानावर थांबला एवढेच त्याला विचारावे.